इतिवृत्त

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी दोनला,
तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत,
जिथून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते,
मी इतिवृत्त लिहिते. बावीस वर्षं झाली.
माझ्या वहीत कर्ता नसतो.
'चर्चा झाली.' 'नोंद घेतली गेली.'
'उचित कार्यवाही करण्याचे ठरले.'
कुणी घेतली, कुणी ठरवलं,
विचारू नये असा शिरस्ता.

आज विषय क्रमांक चार. वॉर्ड पाच, खाट सात.
'औषध दिले गेले. रुग्ण दगावला.'

वेल्सच्या या किनाऱ्यावर आडनावं मोजकीच,
एका हाताच्या बोटांवर संपतील.
त्या रात्री वॉर्डात तीन इव्हान्स होते,
त्यातले दोघे डेव्हिड.
गावात कधी घोळ झाला नसता:
एक पाववाला इव्हान्स, एक टपालवाला इव्हान्स,
शेंबड्या पोरालाही ठाऊक.
आम्ही दारातच पाव काढून घेतला, टपाल काढून घेतलं,
आणि दोघांच्या मनगटांवर
मुंगीएवढ्या आकड्यांत जन्मतारखा बांधल्या.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन टपालवाल्याचं.
पाववाल्याच्या पोटात आधीच व्रण वाहत होता.
"मिस्टर इव्हान्स?"
आणि तो, एका कानाने बहिरा,
जन्मभर गिऱ्हाइकाला नाही न म्हटलेला,
म्हणाला, "हो."

टेबलाच्या टोकाला त्याची बायको, मॉर्विद.
(यंदापासून घरच्यांनाही बोलावले जाते.)
पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली,
उतरायचा थांबा जवळ आल्यासारखी.
डॉक्टर प्यूंनी अहवाल वाचला, मान वर न करता.
ती म्हणाली, "दिले गेले म्हणजे?
आमच्या भट्टीत पाव कधी जाळला गेला नाही.
मी जाळला. नाहीतर ह्यांनी."

खुर्ची सरकली.
रोझलिंडा, इलोइलोहून आलेली, तीन वर्षं रात्रपाळीची नर्स.
"मी दिलं."

कुणी तुटून पडलं नाही. तसं नवं धोरणच आहे,
पण धोरण असणं वेगळं, आणि गप्प बसता येणं वेगळं.
फार्मसीच्या गरेथने विचारलं, किती वाजले होते?
"पावणेचार. अठ्ठावीस पेशंट, आम्ही दोघी.
सातवरचा दिवा अकरा दिवस बंद.
मोबाइलच्या उजेडात पट्टी वाचायला गेले,
शेजारचा खेकसला, झोपू दे."
"दिव्याचं कळवलं होतं?"
"दोनदा. कागद वर पाठवला."

वर म्हणजे तिसरा मजला.
वर म्हणजे माझा निळा ट्रे.
दुरुस्तीचे अर्ज मी शुक्रवारी पुढे धाडते.
त्या शुक्रवारी बहिणीकडे गेले होते.
पुढच्या शुक्रवारी...
पुढच्या शुक्रवारचं मला काहीच आठवत नाही.

'दिवा बदलला गेला नाही' इतकं लिहून झालं होतं.
शाई अजून ओली.
ते मी खोडलं. या वहीतली पहिली खाडाखोड.
आणि कुणी विचारलं नसताना, मोठ्याने,
जे खाली लिहीत होते ते वाचलं:
'अर्ज माझ्याकडे होता. मी पाठवला नाही.'

मॉर्विदने माझ्याकडे पाहिलं.
क्षमा वगैरे काही नव्हतं त्यात.
पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली.

दिवा त्याच संध्याकाळी लागला. दहा मिनिटांचं काम.
आता 'तुम्ही इव्हान्स का?' असं विचारायचं नाही,
'नाव सांगा, जन्मतारीख सांगा' असं विचारायचं.
फळ्यावर सारख्या आडनावांपुढे लाल खूण,
आणि रुग्णाची हरकत नसेल, तर पाव, टपाल, मेंढ्या.
तीन महिन्यांनी मोजलं:
पन्नासांत एकेचाळीस वेळा नीट विचारलं.
उरलेल्या नऊंचं काय लिहायचं,
यावर अजून भांडतोय आम्ही.

मॉर्विद दर दुसऱ्या गुरुवारी येते.
नियमात बसत नाही, पण तिला सांगणार कोण?
मागचं इतिवृत्त मी वाचून दाखवते,
आणि जिथे एखादं वाक्य
कर्त्यावाचून पुढे सरकू लागतं,
तिथे ती कडी वाजवते.
टक्.